न मारलेल्या रेघा

— एस. वाय. बी. ए. ची एक विद्यार्थिनी

पुस्तकात रेघ मारायची नाही, हा आमच्या घरचा नियम. तो कुणा वाचनवेड्या माणसाने घालून दिलेला नव्हता. माझे वडील चौथीपर्यंत शिकलेले, आईने शाळा पाहिलेली नाही. नियमामागे साधा हिशेब होता. वर्ष संपले की पुस्तक विकायचे, आणि रेघोट्या मारलेल्या पुस्तकाला गिऱ्हाईक कमी पैसे देते. गंमत अशी, की मी स्वतः जी पुस्तके घेई ती जुनीच असत आणि त्यांत दुसऱ्यांच्या रेघा असतच. त्या रेघांचा मला फार आधार वाटे. घरात विचारायला कोणी नाही. तेव्हा जिच्याखाली रेघ ती ओळ महत्त्वाची, असे धरून मी अकरावी-बारावी पार पाडली.

हे सारे सांगण्याचे कारण असे, की यंदा माझ्यावर एका पुस्तकात रेघा मारल्याचा आळ आला; आणि ते पुस्तक कागदाचे नव्हतेच.

आमच्या इतिहास विभागात एक टॅब आहे. त्यात जुन्या ग्रंथांच्या पीडीएफ प्रती साठवलेल्या आहेत. त्यांतच मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सातारा जिल्ह्याचा खंड आहे. हा एकोणिसावा खंड १८८५ साली छापला गेला. आमच्या गावच्या जुन्या विहिरींवर मी प्रकल्प घेतला होता. गाव माण तालुक्यातले, त्यामुळे पाणी हा आमच्याकडे केवळ अभ्यासाचा विषय नाही. वडिलांनी उमेदीची वर्षे दुसऱ्यांच्या विहिरी खोदण्यात घालवली आहेत. सरांनी विश्वासाने टॅब दोन दिवसांसाठी माझ्या हाती दिला. मी तो वसतिगृहात नेला, वाचला, जपून परत केला.

दुसऱ्या दिवशी सरांनी विभागात बोलावले. टॅब टेबलावर उघडा होता. पानापानावर पिवळे पट्टे उमटले होते. कुठे एकच शब्द पिवळा, कुठे अर्धा परिच्छेद, कुठे ओळीच्या मध्येच सुरू होऊन मध्येच तुटलेला पट्टा.

"काय गं हे? सगळ्यांच्या वापराची प्रत आहे ना ही?" सर म्हणाले.

"सर, मी एकही रेघ मारली नाही," मी म्हटले. माझ्या दृष्टीने ते पूर्ण खरे होते.

सर रागावले नाहीत, याचेच जास्त वाईट वाटले. ते एवढेच म्हणाले, "मग यापुढे टॅब विभागाबाहेर द्यायला नको." म्हणजे शिक्षा मला एकटीला नव्हती. वर्गातल्या आणखी चौघांचे प्रकल्प त्याच टॅबवर अवलंबून होते, आणि त्यांतली दोघे दुपारनंतर कामाला जातात. विभाग उघडा असण्याच्या वेळी त्यांना वाचणे शक्यच नव्हते. मी सरांकडे दोन दिवसांची मुदत मागितली. "या रेघा कुठून आल्या ते मी शोधून सांगते," असे बोलून बसले. बोलले खरे, पण शोधायचे कसे याचा मला पत्ता नव्हता.

मार्ग सापडला तो आईच्या शिवणकामातून. आई गावात ब्लाउज आणि परकर शिवते. कापडावर दिसणारी प्रत्येक खूण सारखी नसते, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. एक खूण म्हणजे कापडावरची मूळ छपाई. ती काढता येत नाही. दुसरी म्हणजे कच्चा टाका. तो कापडात असतो, पण उसवता येतो. तिसरी म्हणजे वरून ठेवलेल्या कागदी मापावरची खूण; कागद उचलला की कापड कोरे. आणि चौथी म्हणजे खिडकीतून पडलेला उन्हाचा पट्टा. ती खूण नव्हेच, नुसता भास. आपण टॅबवर, फोनवर किंवा संगणकावर वाचतो तेव्हा दिसणारे रंगीत पट्टेही याच चार जातींचे असतात. हे ध्यानात आले आणि पुढचे काम सोपे झाले.

पहिली जात मूळ छपाईची. जुने पुस्तक यंत्रावर ठेवून त्याचे फोटो काढतात, तेव्हा त्या प्रतीत शंभर वर्षांपूर्वी कुणी पेन्सिलीने मारलेली रेघही फोटोत येते. ती चित्राचाच भाग असते. तिच्यावर कितीही बोटे टेकवली तरी ती निवडली जात नाही, पुसली जात नाही. अशी रेघ सहसा हाताने मारल्यासारखी वाकडी असते आणि पान मोठे करून पाहिले की शाईचे किंवा शिशाचे कण दिसतात. तिच्यावर उपाय नाही, आणि गरजही नाही.

दुसरी जात कच्च्या टाक्याची. पीडीएफ हा प्रकार १९९३ साली निघाला आणि २००८ साली त्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. या प्रकारात पानाचा मजकूर वेगळा आणि त्यावर वाचकाने केलेल्या खुणा वेगळ्या नोंदवल्या जातात; मात्र दोन्ही एकाच फाईलच्या पोटात राहतात. म्हणून एकाने केलेली पिवळी खूण फाईल दुसऱ्याला दिली की त्याच्याकडेही दिसते. या खुणेसोबत ती कुणाच्या नावाने केली आणि कोणत्या दिवशी, किती वाजता केली, हेही बहुधा नोंदलेले असते. वाचनाच्या बहुतेक चांगल्या ॲपमध्ये 'कॉमेंट्स' किंवा 'ॲनोटेशन्स' नावाची यादी असते. ती उघडली की साऱ्या खुणा ओळीने दिसतात. खुणेवर बोट टेकवले की 'डिलीट' म्हणता येते. एक सावधगिरी मात्र हवी. खुणा असलेली फाईल कुणी छापण्याच्या मार्गाने पुन्हा नवी पीडीएफ करून ठेवली असेल, तर कच्चा टाका पक्का होतो. मग त्या खुणा मूळ छपाईत मिसळून जातात आणि यादीत दिसत नाहीत.

तिसरी जात वरच्या कागदाची. कादंबऱ्या वगैरे ज्या ईपब प्रकारात येतात, त्यांत वाचकाच्या खुणा सहसा पुस्तकाच्या फाईलमध्ये जात नाहीत. वाचनाचे ॲप त्या आपल्या वहीत वेगळ्या लिहून ठेवते, आणि पान उघडले की त्या वहीत पाहून रंग दाखवते. ही वही पुष्कळदा आपल्या खात्याशी जोडलेली असते. त्यामुळे एकच खाते घरातल्या दोन फोनांवर चालू असेल, तर भावाने केलेली खूण बहिणीच्या पडद्यावर उमटते. आमच्यासारख्या घरांत, जिथे एका खात्यावर सारे कुटुंब चालते, तिथे 'आपोआप' उमटणाऱ्या रेघांचे हे फार साधे कारण असते. उपाय दोन: प्रत्येकाने वेगळे खाते वापरावे, किंवा खुणांची देवाणघेवाण, म्हणजे 'सिंक', बंद करावी.

याच जातीत किंडलचा एक प्रकार येतो. किंडल हे वाचनयंत्र २००७ साली निघाले. त्यात काही ओळींखाली ठिपक्यांची रेघ दिसते, आणि इतक्या वाचकांनी ही ओळ खुणावली असा आकडाही दिसतो. त्याला 'पॉप्युलर हायलाइट्स' म्हणतात. ही रेघ आपली नव्हे, फाईलमध्ये कुणी बिघाड केलेला नव्हे. अनेक अनोळखी वाचकांच्या खुणांची ती बेरीज आहे. वाचनाच्या सेटिंगमध्ये त्याच नावाची कळ आहे, ती बंद केली की ठिपके जातात. आपण स्वतः केलेल्या खुणा मात्र तशाच राहतात.

चौथी जात उन्हाच्या पट्ट्याची, आणि घोटाळा होतो तो बहुधा हिच्यातच. आपण शोधाच्या चौकटीत एखादा शब्द टाकला, की तो जिथे जिथे आला तिथे तिथे रंग चढतो. हा रंग कुठेच साठवलेला नसतो. शोधाची चौकट फुलीने बंद केली की तो जातो. परीक्षेचे किंवा शिष्यवृत्तीचे अर्ज पीडीएफमध्ये येतात, त्यांत भरावयाच्या जागा फिकट निळ्या दिसतात. ॲक्रोबॅटसारख्या सॉफ्टवेअरने ती जागा दाखवण्यासाठी चढवलेली छटा असते. ती छापताना उमटत नाही, आणि 'फॉर्म्स'च्या सेटिंगमधून बंद करता येते. ब्राउझरवर शोध घेऊन एखादे पान उघडले, की कधी कधी थेट एका वाक्यावर आपण उतरतो आणि ते वाक्य रंगलेले असते. क्रोममध्ये ही सोय २०२० साली आली. त्या पानाच्या पत्त्याच्या शेवटी, हॅशच्या चिन्हानंतर, ते वाक्य शोधण्याची सूचना जोडलेली असते. तेवढा शेपटीचा भाग पुसून पान पुन्हा उघडले, की रंग नाहीसा होतो.

मोठ्याने वाचून दाखवण्याची सोय चालू असली, तर वाचला जाणारा शब्द किंवा वाक्य रंगते आणि रंग पुढे पुढे सरकतो. अंध वाचकांसाठी अँड्रॉइड फोनांत 'टॉकबॅक' नावाची सोय आहे. अनेक फोनांत आवाजाच्या दोन्ही कळा काही सेकंद एकत्र दाबल्या, की ती सुरू होते. मग बोट ठेवू तिथे चौकट उमटते, फोन बोलू लागतो, आणि एकदा टिचकी मारून काहीच होत नाही, दोनदा मारावी लागते. घाबरू नये, त्याच दोन कळा पुन्हा तशाच दाबून धरल्या की बहुधा ती बंद होते. शाईसारख्या पडद्याच्या वाचनयंत्रावर मागल्या पानाची पुसट सावली राहते, तीही याच जातीची. पडदा एकदा पूर्ण ताजा झाला की ती जाते.

आता या चार जाती ओळखायच्या कशा? मी जे केले ते क्रमाने सांगते. पहिली गोष्ट, काही पुसण्याआधी फाईलची एक प्रत बाजूला काढून ठेवली. ग्रंथालयातल्या काकांनी मला हे निक्षून सांगितले होते: पुरावा आधी जपायचा, साफसफाई मागाहून. मग शोधाची चौकट बंद केली आणि ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडले. जे पट्टे गेले ते उन्हाचे. नंतर तीच फाईल मैत्रिणीच्या फोनवर, वेगळ्या ॲपमध्ये उघडली. तिथे जे दिसले नसते ते वरच्या कागदावरचे ठरले असते. तसे एकही निघाले नाही. उरलेल्या पट्ट्यांवर एकेक करून बोट टेकवले. जे निवडले जात होते ते कच्चे टाके, जे निवडले जात नव्हते ती मूळ छपाई.

या चाळणीतून काय निघाले ते ऐका.

पानोपानी दिसणारे एकेका शब्दाचे पट्टे उन्हाचे निघाले. माझे इंग्रजी बेताचे. तो शेकडो पानांचा ग्रंथ मला सलग वाचणे जमत नव्हते, म्हणून मी विहिरीसाठी असलेला 'वेल' हा इंग्रजी शब्द शोधाच्या चौकटीत टाकला होता. इंग्रजीत 'चांगले' या अर्थाचा शब्दही तोच. 'तसेच' म्हणायचे असले तरी तो शब्द येतो, आणि घरासाठी असलेल्या 'ड्वेलिंग' या शब्दाच्या पोटातही तोच दडलेला. यंत्राला अर्थ कळत नाही, अक्षरे कळतात. त्यामुळे पाण्याचा थेंब नसलेली पानेसुद्धा पिवळी झाली होती. मी टॅब तसाच मिटून परत केला, आणि सरांनी उघडला तेव्हा तो मी ठेवला होता तसाच उघडला. दोन पानांवरच्या वाकड्या रेघा पेन्सिलीच्या निघाल्या. त्या फोटोतच होत्या.

पण परिच्छेदांवरचे मोठे पट्टे मात्र कच्चे टाके निघाले. ते फाईलमध्येच होते. म्हणजे कुणीतरी ते केले होते. मी यादी उघडली. एकूण एकतीस खुणा होत्या. टॅब एकच असल्याने नाव सगळ्यांवर विभागाचेच होते, पण तारखा वेगवेगळ्या होत्या. बावीस खुणा गेल्या वर्षीच्या होत्या. उरलेल्या नऊ खुणा टॅब माझ्याकडे असतानाच्या, एकाच दुपारी, वीस मिनिटांच्या आत झालेल्या.

मी यादी मिटली आणि पुन्हा उघडली. तारीख तीच राहिली.

मग हळूहळू आठवले. त्या दुपारी वरच्या पट्टीतल्या पेनासारख्या चित्रावर, हे काय आहे म्हणून, मी एकदा बोट टेकवले होते. काही झाले नाही असे वाटून पुढे वाचू लागले. प्रत्यक्षात मी रंगाची कांडी हातात घेतली होती आणि ती खाली ठेवलीच नव्हती. त्यानंतर पान सरकवण्यासाठी मी मजकुरावरून बोट ओढले, की पान सरकण्याऐवजी रंग चढत होता. पान सरकत नाही म्हणून मी आणखी जोराने बोट ओढत होते. पट्टे ओळीच्या मध्येच सुरू होऊन मध्येच का तुटले होते, याचा उलगडा झाला. डोक्यावरचा दिवा लावायला विसरलेल्या खोलीत मी बसले होते आणि पडद्याचा उजेडही कमी ठेवला होता, म्हणून फिकट पिवळा रंग तेव्हा दिसला नाही.

काही पट्टे दोन-चार शब्दांवर बोट फिरवूनही सबंध परिच्छेदभर का पसरले, हेही तेव्हाच कळले. फोटोच्या पानामागे यंत्राने ओळखलेल्या अक्षरांचा एक अदृश्य थर असतो. आपण रंगवतो तो त्या थरावरचा मजकूर. थर आणि चित्र थोडे इकडेतिकडे झाले, किंवा पानावर दोन स्तंभ असून यंत्राने ते एकच ओळ समजून वाचले, की बोट एका जागी आणि रंग भलतीकडे असे होते. मराठीच्या जुन्या संगणकीय फाईलींत आणखी एक अडचण येते. युनिकोड येण्यापूर्वीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये दिसायला देवनागरी अक्षर असते, पण आत इंग्रजी अक्षराचा क्रमांक असतो. अशा फाईलीत मराठी शब्द शोधला तर सापडत नाही, आणि खुणावलेला मजकूर दुसरीकडे उतरवला तर अगम्य चिन्हे उमटतात. दोष वाचणाऱ्याचा नसतो.

आता माझ्यापुढे प्रश्न होता. नऊ खुणा पुसून टाकायला एक मिनिट पुरले असते. मग सरांना बावीस खुणा दाखवायच्या आणि म्हणायचे, पहा, सगळ्या गेल्या वर्षीच्या आहेत. कुणाला कळले नसते. रात्रभर हा विचार माझ्या मनात येऊन गेला नाही, असे लिहिले तर ते खोटे होईल.

सकाळी मी यादी जशीच्या तशी सरांपुढे ठेवली. "सर, मी एकही रेघ मारली नाही असं म्हटलं होतं, ते चुकीचं होतं. नऊ माझ्या आहेत. कळत नव्हतं, पण माझ्याच आहेत."

सरांनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग म्हणाले, "नऊ तुझ्या म्हणून सांगितल्यास, म्हणूनच बावीस तुझ्या नाहीत यावर माझा विश्वास बसतो." थोडे थांबून, चष्मा काढून पुसत पुढे म्हणाले, "आणि या मे महिन्यातल्या दिसतात. तेव्हा टॅब माझ्याकडेच होता." यावर आम्ही दोघेही काही बोललो नाही.

टॅब पुन्हा सर्वांना मिळू लागला. मूळ फाईल आता कुलूप लावावे तशी वेगळी ठेवली आहे, आणि वाचायला तिची प्रत देतात. टॅबच्या कव्हरवर माझ्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवली आहे: 'परत करण्यापूर्वी शोधाची चौकट बंद करा. रंगाची कांडी खाली ठेवा. खुणांची यादी एकदा पहा. चूक झाली असेल तर उलट्या बाणाने लगेच परत फिरवा. दुसऱ्याची खूण विचारल्याशिवाय पुसू नका.'

शेवटचे वाक्य सरांनी घालायला सांगितले. मला त्याचे महत्त्व मागाहून पटले. त्या बावीस खुणांपैकी एक होती विहिरींच्याच उल्लेखावर. माझ्या शोधातून ती ओळ निसटली होती, कारण यंत्राने तिथला शब्द चुकीचा ओळखला होता. कुणाच्या तरी खुणेमुळे ती मला सापडली. पण त्याच खुणांच्या मधल्या कोऱ्या पानांतही मला हवे असलेले बरेच काही निघाले, आणि तिथे कुणाचीच रेघ नव्हती. जुन्या पुस्तकांतल्या रेघांवर विसंबून मी दोन वर्षे किती कोऱ्या ओळी तशाच सोडून दिल्या असतील, हा विचार तेव्हा प्रथमच मनात आला.

सुट्टीत घरी गेले तेव्हा हा सारा प्रकार आईला सांगितला. तिने मशीन थांबवून ऐकले. मग म्हणाली, "म्हणजे टाका कुणाचा ते उलट्या बाजूनं बघितलं की कळतं, तसंच की." मी हो म्हटले. एवढा मोठा लेख लिहून मी जे सांगितले, ते तिने एका वाक्यात सांगितले. कुणाच्या फोनवर न मारलेल्या रेघा उमटत असतील, तर त्याने मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यावे. उलटी बाजू बघायला मी मदत करीन.